विचारायला लाजू नकोस



उन्हाळ्याची सुट्टी संपत आली आहे. येत्या आठवड्यात शाळांची घंटा पुन्हा वाजेल. वालूर आणि आसपासच्या गावांतील आपली लहान मुले दप्तर भरून शाळेत जातील. मोठी मुले सेलू, परभणी, नांदेड, छत्रपती संभाजीनगर येथील वसतिगृहांकडे आणि भाड्याच्या खोल्यांकडे परततील. ती परतण्यापूर्वी, गेल्या रविवारी मिस्सा संपल्यावर, आम्ही महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींना थोडा वेळ थांबवून घेतले. चहा झाला. मग प्रत्येकाच्या हाती एक कोरा कागद दिला आणि म्हटले, "समजा, आज संध्याकाळी वालूरच्या बसथांब्यावर तुम्हांला नववीत शिकणारे तुम्ही स्वतःच भेटलात. बस यायला पाच मिनिटे आहेत. त्याला किंवा तिला काय सांगाल? कागदावर नाव लिहू नका."

खरे सांगायचे तर उत्तरे काय येतील याचा आम्ही आधीच अंदाज बांधला होता. अभ्यास कर, मोबाईल कमी वापर, आईवडिलांचे ऐक, रविवारी मिस्सा चुकवू नकोस. आम्ही वेदीवरून जे वर्षानुवर्षे सांगत आलो, तेच आम्हांला परत ऐकायला मिळेल असे वाटले होते. तशाही काही चिठ्ठ्या निघाल्या. पण रात्री सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा एकदा वाचल्या तेव्हा लक्षात आले की बहुतेकांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच गोष्ट लिहिली आहे: "तेव्हा विचारायला हवे होते." आज आपण त्याच चिठ्ठ्यांवर थोडे चिंतन करू या.

एका मुलीने लिहिले आहे, "मला सातवीपासून अपूर्णांक येत नव्हते. नववीत बीजगणित सुरू झाले आणि काहीच कळेना. सर रागावतील म्हणून नाही, पोरं हसतील म्हणून हात वर केला नाही. त्या एका हाताची किंमत मी अजून मोजते आहे."

ही एकट्या या मुलीची गोष्ट नाही. 2023 च्या 'असर' अहवालासाठी देशातील 28 ग्रामीण जिल्ह्यांत 14 ते 18 वर्षे वयाच्या मुलामुलींची पाहणी झाली. त्यांतील निम्म्याहून अधिक जणांना तीन अंकी संख्येला एका अंकाने भागता आले नाही. याचे एक कारण आपण सर्वांनी पाहिलेले आहे. 2010 साली लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे आठवीपर्यंत कोणाला नापास करायचे नव्हते. मूल शाळेतून बाहेर फेकले जाऊ नये, हा त्यामागचा हेतू चांगलाच होता. पण वर्ग पुढे सरकला तरी समज पुढे सरकतेच असे नाही. मागे राहिलेला पाठ तसाच राहतो आणि नववीत एकदम वर येतो. महाराष्ट्राने 2023 मध्ये पाचवी व आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा ठेवली ती याचसाठी. परंतु परीक्षा फक्त उणीव दाखवते. ती भरून काढायची तर कोणीतरी "मला हे कळले नाही" असे म्हणावे लागते.

आपल्या वालूरच्या बारवेचेच उदाहरण घ्या. गोल फिरत खाली उतरणाऱ्या पायऱ्यांची ही बारव कित्येक वर्षे गाळाने आणि कचऱ्याने भरलेली होती. तिथे कधी पाणी होते हे नव्या पिढीला सांगूनही खरे वाटत नसे. मग गावकऱ्यांनी श्रमदान केले, गाळ उपसला आणि पायरीमागून पायरी दिसू लागली. आज लांबून लोक ती पाहायला येतात. मुलांच्या मनातही असाच गाळ साचतो. एका वर्षी एक न समजलेला धडा, दुसऱ्या वर्षी दुसरा. पुढे मूल म्हणते, "माझ्या डोक्यात काही शिरतच नाही." बाळांनो, तुमच्या डोक्यात कमतरता नाही. एखादी पायरी गाळाखाली गेली आहे, एवढेच. ती कोणती ते कोणाला तरी दाखवा. नववीत ती दाखवणे सोपे असते. बारावीत ते फार जड जाते.

दुसरी चिठ्ठी एका मुलाची. "दहावीला कॉपी मिळाली. मार्क पाहून घरी पेढे वाटले. अकरावीला सायन्स घेतले आणि पहिल्याच महिन्यात कळले की ते मार्क माझे नव्हते." अगदी थोड्या शब्दांत त्याने केवढी मोठी कबुली दिली आहे! आपल्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यात 2010 साली तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्त परीक्षेची मोहीम राबवली. त्या वर्षी तिथले निकाल धाडकन खाली आले. पुष्कळांना ते अपयश वाटले. पण ताप किती आहे हे कळल्याशिवाय औषध देता येत नाही. कॉपी म्हणजे केवळ नियमभंग नव्हे. आपल्याला काय येत नाही हे कोणालाही, स्वतःलासुद्धा, कळू न देण्याची ती सोय आहे. म्हणून ते असत्य आहे. आणि त्या असत्याचा पहिला बळी ते करणाराच असतो. भिंतीवर चढून चिठ्ठी फेकणाऱ्या काकांना आणि मामांनाही आम्ही हात जोडून सांगतो, तुम्ही त्या पोराला मदत करत नाही. त्याच्या पायाखालची पायरी काढून घेता.

तिसरी गोष्ट भाषेची. मराठी माध्यमातून आलेल्या कितीतरी मुलांनी लिहिले आहे की अकरावी विज्ञानाच्या वर्गात सगळेच इंग्रजी झाले. काल जो 'छेद' होता तो आज 'डिनॉमिनेटर' झाला. ज्याला छेद येत होता तोही गप्प बसला. एकीने लिहिले, "मला उत्तर येत होते, पण ते इंग्रजीत काय म्हणतात ते येत नव्हते. मी मठ्ठ आहे असे समजून वर्षभर शेवटच्या बाकावर बसले." नववी-दहावीच्या मुलांनो, आतापासून दर आठवड्याला विज्ञान-गणिताचे दहा शब्द मराठी आणि इंग्रजी दोन्हींत वहीत लिहून ठेवा. हा उपाय आमचा नाही, त्या मुलीचाच आहे.

काही चिठ्ठ्या अगदी व्यवहाराच्या आहेत आणि त्या वाचताना आम्हांला वाईट वाटले, कारण त्यांतले नुकसान टाळता आले असते. एकाच्या दाखल्यावर आडनाव एक आणि आधार कार्डावर दुसरे. दहावीनंतर ते सुधारण्यात त्याचे सहा महिने गेले. दुसऱ्याने लिहिले की आठवीत एनएमएमएस शिष्यवृत्तीची परीक्षा असते हे त्याला बारावी झाल्यावर समजले. ज्यांच्या घरचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपेक्षा जास्त नाही, अशा सरकारी आणि अनुदानित शाळांतील मुलांना ही परीक्षा देता येते. निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये मिळतात. मुलींच्या पालकांनीही लक्ष द्यावे. 2024-25 या शैक्षणिक वर्षापासून महाराष्ट्रात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क शासन भरते. असे असताना "फी कुठून भरायची" म्हणून बारावीनंतर मुलीचे लग्न ठरवण्याआधी कृपा करून एकदा तरी चौकशी करा. बोलणाऱ्याची बोरे विकली जातात, न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, असे आपले वाडवडील उगाच म्हणत नव्हते.

आणि मोबाईलविषयी? एका चिठ्ठीत एकच वाक्य आहे. "मी मोबाईलला सगळे विचारले, माणसाला काहीच विचारले नाही." आम्ही मोबाईलवर आजवर जेवढी प्रवचने दिली, त्या सगळ्यांपेक्षा हे वाक्य आम्हांला अधिक भिडले.

प्रिय भाविकहो, विचारण्याची ही लाज ख्रिस्ताच्या शिष्यांना शोभते का? जपमाळेतील आनंदाचे पाचवे रहस्य आपण घराघरांत म्हणतो. प्रभू येशू बारा वर्षांचा होता. म्हणजे आजच्या सहावी-सातवीच्या मुलाएवढा. वल्हांडण सणानंतर तो जेरुसलेममध्ये मागे राहिला आणि योसेफ व मरिया त्याला तीन दिवस शोधत होते. शेवटी तो मंदिरात सापडला. संत लूक सांगतो की तो शास्त्रपंडितांच्या मध्ये बसून त्यांचे ऐकत होता आणि त्यांना प्रश्न विचारत होता. त्याच्या उत्तरांनी लोक थक्क झाले, हे आपल्या लक्षात राहते. पण आधी तो ऐकत होता, विचारत होता, हे आपण विसरतो. जो स्वतः देवाचा शब्द, त्याला मानव म्हणून गुरुजनांपुढे बसून प्रश्न विचारण्यात कमीपणा वाटला नाही. त्याच अध्यायाच्या शेवटी लूक म्हणतो की येशू ज्ञानाने आणि वयाने वाढत गेला. वाढत गेला! मग आपल्या मुलांना सगळे एकदम यायलाच हवे, असा हट्ट आपण का धरतो?

त्याची आईही विचारणारीच होती. देवदूताचा निरोप आला तेव्हा, हे कसे घडेल, असे तिने विचारले आणि मगच होकार दिला. श्रद्धा म्हणजे तोंड बंद ठेवणे नव्हे, हे पवित्र मरियेकडून शिकावे.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही संत थॉमस अक्वायनस यांचा 'सुम्मा' हा महाग्रंथ प्रथम हाती घेतला, तेव्हा आम्हांला वाटले होते की यात नुसती उत्तरे असतील. उघडून पाहतो तो पानोपानी प्रश्नच! संत थॉमस आधी प्रश्न मांडतात. मग आपल्या मताच्या विरुद्ध काय काय म्हणता येईल ते प्रामाणिकपणे लिहितात. त्यानंतरच स्वतःचे उत्तर देतात. विद्यार्थी असताना ते फार कमी बोलत, म्हणून वर्गमित्रांनी त्यांचे नाव 'मुका बैल' ठेवले होते. त्यांचे गुरू संत अल्बर्ट यांनी मात्र त्या शांत मुलाची बुद्धी ओळखली. हसणारे सोबती संत थॉमस यांनाही चुकले नाहीत, हे वर्गात हसू होणाऱ्या प्रत्येक मुलाने लक्षात ठेवावे. आणि असा एखादा मुका विद्यार्थी आपल्याही वर्गात असेल, हे शिक्षकांनी लक्षात ठेवावे.

इथपर्यंत हे प्रवचन मुलांसाठी झाले. इथेच ते संपले असते तर आम्हांला सोपे गेले असते. परंतु एक चिठ्ठी अजून शिल्लक आहे. त्या दिवसापासून ती आमच्या प्रार्थनापुस्तकात आहे.

"मी नववीतल्या मला काहीच सांगणार नाही. त्याने विचारले होते. मला सायन्स झेपणार नाही, आयटीआय केले तर चालेल का, असे त्याने घरी विचारले होते. दोनदा. लोक काय म्हणतील, एवढेच उत्तर मिळाले. त्याला मी आणखी काय सांगू? सांगायचेच असेल तर त्याच्या बाबांना सांगेन."

ही चिठ्ठी कोणाची, हे आम्ही शोधलेले नाही आणि तुम्हीही शोधू नये अशी विनंती आहे. ती एका घरची नाही. आपल्याकडे दहावीला बरे मार्क पडले की सायन्स, मग लातूर किंवा नांदेडला क्लास, मग नीट, असा एकच रस्ता ठरून गेला आहे. कापूस-सोयाबीनचा पैसा, नाहीतर हातउसने, नाहीतर आईचे डोरले, सगळे त्या रस्त्यावर लागते. आईबापांचा तो त्याग खरा आहे, त्याबद्दल आम्हांला शंका नाही. पण जितका त्याग मोठा, तितके मुलाला "मला जमत नाही" हे म्हणणे अवघड होते. परभणीला 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे, आणि शेतकऱ्याच्या घरात 'शेतीचे शिक्षण' हा शब्द उच्चारला की बाप म्हणतो, शेतीच करायची होती तर शिकवले कशाला? आयटीआय, नर्सिंग, कला, वाणिज्य ही जणू नापासांची नावे झाली आहेत. देवाने दिलेली देणगी कोणती, हे मुलाला विचारण्याऐवजी आपण शेजाऱ्याच्या मुलाकडे पाहून ठरवतो.

7 सप्टेंबर 2025 रोजी पोप लिओ चौदावे यांनी पियेर जॉर्जो फ्रासाती या तरुणाला संत म्हणून घोषित केले. 1901 साली इटलीतील ट्युरिन शहरात, एका मोठ्या वृत्तपत्राच्या मालकाच्या घरी तो जन्मला. शाळेत तो लॅटिन विषयात नापास झाला होता. पुढे त्याने खाणकामाचे अभियांत्रिकी शिक्षण निवडले, कारण त्याला खाणीतल्या कामगारांमध्ये राहून प्रभूची सेवा करायची होती. पदवी हाती येण्याआधीच, 4 जुलै 1925 रोजी, वयाच्या 24 व्या वर्षी पोलिओने त्याचा मृत्यू झाला. त्याच्या अंत्ययात्रेला शहरातले गोरगरीब लोटले. आपला मुलगा इतकी वर्षे कोणाकडे जात होता, काय करत होता, हे घरच्यांना त्या गर्दीकडे पाहून कळले. बंधुभगिनींनो, आपले मूल कोण आहे हे कळायला आपण किती उशीर करणार?

हे आम्ही केवळ पालकांना सांगत नाही. ती चिठ्ठी वाचली तेव्हा आम्हांला पूर्वीच्या एका धर्मग्रामातील एक संध्याकाळ आठवली. अकरावीतला एक मुलगा मिशनच्या दारात येऊन उभा राहिला होता. आम्ही घाईत होतो. "काय रे, रविवारी दिसत नाहीस?" एवढेच आम्ही विचारले. तो म्हणाला, "येतो, फादर," आणि निघून गेला. त्याने कॉलेज सोडले आहे आणि घरी अजून सांगितलेले नाही, हे आम्हांला दोन महिन्यांनी दुसऱ्याच कोणाकडून कळले. तो काहीतरी विचारायला आला होता. आम्ही त्यालाच हजेरी विचारली. देवाच्या कृपेने तो मुलगा आज सुखरूप आहे. पण त्या दारातल्या दोन मिनिटांबद्दल आम्ही प्रभूची क्षमा मागितली आहे, आणि आज तुमच्यासमोरही ती चूक कबूल करतो.

योसेफ आणि मरिया यांनी तीन दिवसांच्या घालमेलीनंतर मुलगा सापडल्यावर काय केले? आईने विचारले, बाळा, तू असे का केलेस? त्याने जे उत्तर दिले ते त्यांना समजले नाही, असे संत लूक स्पष्ट लिहितो. तरी त्यांनी त्याला गप्प बसवले नाही. मरियेने ते सारे आपल्या अंतःकरणात जपून ठेवले. मुलाचे बोलणे लगेच पटले पाहिजे असे नाही. ते ऐकून घेऊन, रात्रभर मनात ठेवून, सकाळी पुन्हा त्याच्याशी बोलता येते. पवित्र कुटुंबाने हेच केले.

म्हणून या नव्या शैक्षणिक वर्षासाठी आमच्या काही नम्र सूचना आहेत.

विद्यार्थ्यांनो, दर आठवड्याला एक तरी प्रश्न कोणाला तरी विचारा. शिक्षकांना, ताईला, दादाला, सिस्टरांना, कोणालाही. न कळणे हे पाप नाही. आणि दुसरा कोणी विचारत असेल तेव्हा हसू नका. तुमच्या हसण्याने एखाद्याचे शिक्षण थांबू शकते.

पालकांनो, "किती मार्क पडले?" याच्या आधी "काय अडले?" असे विचारत चला. आणि मुलाने "जमत नाही" म्हटले तर त्या क्षणी उत्तर देऊ नका. आधी जेवायला वाढा.

महाविद्यालयीन मित्रांनो, तुमच्या चिठ्ठ्या आमच्याजवळ आहेत. नववीतले तुम्ही आता तुम्हांला भेटणार नाहीत. पण धर्मशिक्षणाच्या वर्गात आज नववीत असलेली मुले बसलेली आहेत. त्यांना भेटा. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मिस्सा झाल्यावर एक तास चर्चच्या सभागृहात बसू. गणित, इंग्रजी, फॉर्म, दाखले, शिष्यवृत्ती, जे अडले असेल ते घेऊन या. तुमच्यापैकी जो सुट्टीवर आलेला असेल त्याने थांबावे. आम्हीही बसू. आम्हांला बीजगणित येईलच असे नाही, पण आम्ही ऐकू.

आणि ज्या मुलाला किंवा मुलीला आज कोणालाच काही सांगावेसे वाटत नाही, जगण्याचाच कंटाळा आला आहे, त्याने कृपया एकटे राहू नये. मिशनचे दार रात्रीही वाजवावे. ते जमत नसेल तर 14416 या 'टेलिमानस'च्या मोफत क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही बोलावे. निकालाचा कागद देवाने लिहिलेला नसतो. तुमचे नाव मात्र देवाने आपल्या तळहातावर कोरले आहे, हे यशया संदेष्ट्याने आपल्याला सांगून ठेवले आहे.

प्रार्थना करू या: हे प्रभू येशू, तू मंदिरात बसून ऐकलेस आणि विचारलेस. आमच्या मुलांना विचारण्याचे धैर्य दे. आम्हां मोठ्यांना ऐकण्याची सवड आणि नम्रता दे. जी मुले विचारून थकली आहेत, त्यांची क्षमा मागण्याचे बळ आम्हांला दे. आणि तुझ्यासारखीच ती ज्ञानाने, वयाने आणि देवाच्या व माणसांच्या कृपेत वाढत राहोत. आमेन.

ख्रिस्तामध्ये आपले,
धर्मगुरू